पायातली कला आणि डोक्यातले वारे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि बाहेरगावच्या एका निवासी फुटबॉल अकादमीची निवड चाचणी कोल्हापुरात होती. तेरा-चौदा वर्षांची दीड-दोनशे पोरे छातीवर क्रमांक लावून मैदानात उतरली होती. मी भाच्याला घेऊन गेलो होतो. तो पहिल्या तासातच बाद झाला, त्यामुळे उरलेला दिवस मला निवांतपणे बघत बसता आला.

एक्केचाळीस क्रमांकाच्या पोराने सगळ्यांचे डोळे खिळवून ठेवले होते. चेंडू त्याच्या पायाला गोंदाने चिकटवल्यासारखा. तिघाचौघांना चकवून तो असा काही बाहेर पडे की काठावरची मंडळी नकळत ‘अरे वा!’ म्हणून जात. पण चेंडू हातचा गेला की गडी कमरेवर हात ठेवून जागेवर उभा. कुणी पास दिला नाही की दोन्ही हात आकाशाकडे. शेवटच्या सामन्यात दहा मिनिटे राहिली असताना प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बोलावले, तेव्हा त्याने अंगावरचे बिब काढून भिरकावले आणि मैदानाकडे पाठ करून झाडाखाली जाऊन बसला. सतरा क्रमांकाच्या पोराचे मात्र काही म्हणजे काही लक्षात राहण्यासारखे नव्हते. तो फक्त पळत होता. चेंडू गेला की परत मागे, पडलेल्या पोराला हात देऊन पुन्हा पुढे. चाचणी संपल्यावर कुणी न सांगता तो मैदानातले खुणेचे कोन गोळा करीत होता.

टेबलाभोवती बसलेल्या प्रशिक्षकांत चर्चा चालली होती. त्यांतले एक जण म्हणाले, ‘एक्केचाळीसला टॅलेंट आहे, पण ॲटिट्यूड नाही.’ माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, कधी काळी पेठेच्या संघातून खेळलेले. ते तिथल्या तिथे उद्गारले, ‘न्हाई कसला? ॲटिट्यूडच लै हाय त्येला!’ आसपासचे हसले. सतरा क्रमांकाची निवड झाली, एक्केचाळीस घरी गेला.

प्रशिक्षक आणि ते म्हातारबाबा तसे पाहिले तर एकच गोष्ट बोलत होते. पण एकच शब्द एकाने ‘नाही’ म्हणून वापरला आणि दुसऱ्याने ‘लई आहे’ म्हणून. तो विनोद तेव्हा हसण्यावारी गेला. आज वाटते, तरुण खेळाडूंच्या जडणघडणीतला आपला सगळा गोंधळ त्या एका विनोदात होता.

लागते ते वळण

इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत उलटा होऊन बसला आहे. ‘जास्त ॲटिट्यूड दाखवू नकोस’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा तिला गर्व, ताठा, डोक्यात गेलेले वारे अभिप्रेत असते. प्रशिक्षक तोच शब्द सद्गुण म्हणून वापरतात. ‘टॅलेंटपेक्षा ॲटिट्यूड महत्त्वाचा’ हे वाक्य आज अकादम्यांच्या भिंतींवर रंगवलेले असते, पालकसभेत ऐकवले जाते, आणि एखाद्या पोराला घरी पाठवायचे झाले की कारण म्हणूनही तेच पुढे येते. पण म्हणजे नेमके काय, हे त्या पोराला कोण सांगते?

आपल्या भाषेत या अर्थाचा एक चांगला शब्द आहे : वळण. मूल वळणाचे आहे, बिनवळणाचे आहे, असे आपण म्हणतो. या शब्दाची खुबी अशी की वळण आपोआप नसते. ते लागते, आणि कुणीतरी ते लावावे लागते. कोल्हापूरच्या फुटबॉलला तर ही गोष्ट परकी असायचे कारण नाही. इथल्या संघांची नावेच बघा : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपला मानला, तेव्हा तालमीचा शब्दही सोबत आला. तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याच्या अंगातली रग बघत. पण त्याआधी ते पहाटे उठते का, आखाडा खणायला हात लावते का, हेही बघत. पोर मस्तीखोर निघाले तर ‘तुझ्यात वळण नाही, जा घरी’ असे म्हणून ते मोकळे होत नसत. अंगात मस्ती आहे म्हणजे ताकद आहे, आता तिला मातीत घालायची, असा त्यांचा हिशेब असे. सगळेच वस्ताद थोर होते असे नव्हे. मारझोड होती, राजकारण होते, भेदभावही होता. पण वळण लावणे हे आपले काम आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

आजच्या अकादमीत ही शंकाच काय, कामाची वाटणीच उलटी झाली आहे. गुण शोधायचे, ते घडवायचे आणि त्यांचे श्रेय घ्यायचे अकादमीने. वृत्ती मात्र पोराने घरून घेऊन यायची.

वृत्तीच्या बाजूने

वृत्तीला महत्त्व देणाऱ्या प्रशिक्षकांचे म्हणणे खोटे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. फुटबॉल हा नव्वद मिनिटांचा खेळ, आणि त्यांतली बहुतेक मिनिटे कोणत्याही एका खेळाडूच्या पायात चेंडू नसतो. चेंडू नसताना तो काय करतो, यावर सामना ठरतो. चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद, बदली म्हणून बाहेर बोलावल्यावरचा चेहरा, आपल्यापेक्षा कच्च्या सहकाऱ्याशी वागणे, हरल्यानंतरच्या सकाळी सरावाला येण्याची वेळ; वृत्ती या चार गोष्टींत दिसते आणि तिथे ती दिसते तशी पायातल्या चकवाचकवीत दिसत नाही.

ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबने पिढ्यान् पिढ्या मोठे खेळाडू घडवले. त्यांच्या अकादमीचे मोजमाप चार गोष्टींचे : तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. चारांतली एक जागा त्यांनी विचारपूर्वक स्वभावाला दिली. पण हेही लक्षात घ्यावे की ती चारांतली एक आहे. उरलेल्या तिन्हींना पुरून उरणारी नव्हे.

हॅरी केनचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. आठ-नऊ वर्षांचा असताना आर्सेनलने त्याला सोडून दिले. पुढे टॉटनहॅमने घेतले. पण तिथेही पहिल्या संघात जागा नव्हती, म्हणून लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर अशा चार क्लबांना तो उसना दिला गेला. यांतल्या प्रत्येक ठिकाणी ‘आपले काही खरे नाही’ असे वाटायला भरपूर जागा होती. २०२३ च्या मार्चमध्ये नेपल्सला इटलीविरुद्ध गोल करून तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. ही चिकाटीची गोष्ट आहेच. पण ती केनच्या बाजूने सांगितली जाते, तितकीच आर्सेनलच्या बाजूने सांगायला हवी. आठ वर्षांच्या पोरात पुढचे काय दिसणार? जे दिसले नाही त्यात गुणही होता आणि वृत्तीही.

मानसशास्त्रातही या विषयावर बरेच काम झाले आहे. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग गाजले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हणून शाबासकी दिली, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ म्हणून. हुशारीची शाबासकी मिळालेली मुले नंतर अवघड कोड्यांना बिचकू लागली. आपली हुशारी खोटी ठरेल ही भीती त्यांना वाटू लागली. पुढच्या मोठ्या प्रयोगांत अशा उपायांचा परिणाम पहिल्यांदा वाटला त्याहून बराच लहान निघाला, हेही खरे. तरीसुद्धा मूळ मुद्दा अनुभवाला पटणारा आहे. मोठी माणसे कशाचे कौतुक करतात, त्यावर मूल कशाला भिते हे ठरते. आणि मग वृत्ती ही एकट्या मुलाची गोष्ट राहत नाही.

आपली लाडकी बोधकथा

मराठी घरात हा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन नावे येतात. १९८८ चा फेब्रुवारी, आझाद मैदान, हॅरिस शील्ड, शारदाश्रमची ६६४ धावांची भागी. सचिन आणि विनोद. एकाकडे वृत्ती होती म्हणून तो शिखरावर गेला आणि दुसऱ्याकडे नुसता गुण होता म्हणून वाया गेला, अशी ही बोधकथा आपण तीस वर्षे पोरांना ऐकवीत आलो आहोत.

ती इतकी सोयीची आहे की तिच्यातले आकडे कुणी बघत नाही. १९९३ मध्ये विनोद कांबळीने लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतके काढली. सतरा कसोटींत चार शतके, सरासरी ५४. शेवटची कसोटी तो १९९५ मध्ये खेळला, तेव्हा त्याचे वय होते तेवीस. कसोटीत चोपन्नची सरासरी राखणाऱ्या माणसाला ‘वाया गेला’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्याच्या चुका नव्हत्या असे नाही, आणि त्याने त्या लपवल्याही नाहीत. पण तेविसाव्या वर्षी डळमळलेल्या तरुणाभोवती त्या वेळी कोण होते, कोण असायला हवे होते, हा प्रश्न बोधकथेत येतच नाही. बोधकथेला एक चांगला मुलगा आणि एक वाईट मुलगा एवढेच लागते. आणि पोरे शहाणी असतात. आपल्याला यांतल्या कुठल्या खणात टाकले आहे हे त्यांना लगेच कळते.

शेरा चुकतो तेव्हा

इंग्लिश फुटबॉलमधली दोन माणसे शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

रॅव्हेल मॉरिसन मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीतला. २०११ मध्ये युनायटेडच्या पोरांनी एफए युथ कप जिंकला, त्या संघात पॉल पोग्बा होता, जेसी लिंगार्ड होता. पण अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात दोन गोल करणारा मॉरिसन होता. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात त्याची गणना क्लबने घेतलेल्या सर्वांत उपजत गुणवान पोरांत केली आहे. पण मैदानाबाहेरची प्रकरणे संपेनात, आणि २०१२ च्या जानेवारीत क्लबने त्याला वेस्ट हॅमला विकून टाकले. त्यानंतर इटली, स्वीडन, हॉलंड, अमेरिका असा त्याचा प्रवास झाला; गुणाला साजेशी जागा कुठेच मिळाली नाही. युनायटेडने प्रयत्न केला नाही असे म्हणता येणार नाही. कठीण बालपणातून आलेल्या त्या पोराला त्यांनी बरेच सांभाळून घेतले. सगळीच माणसे सावरता येत नाहीत, हे मान्य करावेच लागते.

आता दुसरा. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेच्या अकादमीने सोळाव्या वर्षी सोडले, कारण तो बुटका आणि किरकोळ होता. काही काळ तो खेळापासूनच दूर राहिला. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या गावक्लबाकडून आठवड्याला तीस पौंडांवर खेळू लागला आणि दिवसा कारखान्यात वैद्यकीय उपकरणे बनवू लागला. २००७ मध्ये मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. पायात इलेक्ट्रॉनिक कडे, संध्याकाळी ठरल्या वेळी घरात असण्याची सक्ती. बाहेरगावी सामना असला की तासाभराच्या खेळानंतर तो मैदानातून निघून घर गाठायचा. त्या वेळी कुठल्याही अकादमीने त्याच्या वृत्तीच्या रकान्यात काय लिहिले असते? २०१२ मध्ये लेस्टरने दहा लाख पौंड मोजून त्याला घेतले. पहिला हंगाम इतका वाईट गेला की खेळ सोडण्याचे त्याच्या मनात आले. नायजेल पीअर्सन आणि क्रेग शेक्सपिअर या प्रशिक्षकांनी त्याला बसवून घेतले, तू इथे पुरेसा चांगला आहेस हे पटवले. २०१५ मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या सलग अकरा सामन्यांत गोल केले आणि २०१६ मध्ये लेस्टर विजेते झाले.

या दोन गोष्टींतून गुण मोठा की वृत्ती मोठी याचा निकाल लागत नाही, आणि मला तो लावायचाही नाही. त्या सांगतात ते वेगळेच. सोळाव्या वर्षीची वृत्ती ही कायमची जात नव्हे. ती पंचविसाव्या वर्षी बदलू शकते, आणि बदलते तेव्हा बहुधा शेजारी कुणीतरी उभे असते.

डिसेंबरातला जन्म

वृत्तीचा शेरा कधी कधी भलत्याच गोष्टीवर मारलेला असतो. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की तिथल्या आइस हॉकीच्या चांगल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फारच जास्त आहेत. कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात होता. जानेवारीतले पोर आणि डिसेंबरातले पोर एकाच गटात. पण पहिले जवळजवळ वर्षाने मोठे. ते उंच, ताकदवान, म्हणून निवडले जाते. निवडले जाते म्हणून चांगले प्रशिक्षण मिळते. आणि मग ते खरोखरच चांगले होते. फुटबॉलमध्ये हाच प्रकार देशोदेशी दिसला आहे. इंग्लंडमध्ये वयोगट सप्टेंबरपासून मोजतात, तर तिथल्या अकादम्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी.

तेरा-चौदाव्या वर्षी तर जन्मतारीखही पुरेशी नसते. एका वयाच्या दोन मुलांची शरीरे वाढीत दोन-तीन वर्षे पुढेमागे असू शकतात. आपल्याकडे त्यात खोट्या दाखल्यांची भर. हे इतके बोकाळले की हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय बघावे लागते. फिफानेही २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय आणला. आता या गर्दीतले, खरा दाखला आणलेले, उशिरा वाढणारे बारीक पोर डोळ्यांसमोर आणा. पंधरा-सोळा वर्षांच्या ‘तेरा वर्षांखालील’ खेळाडूशी टक्कर द्यायला ते बिचकते. त्याच्या नावापुढे शेरा पडतो : लढाऊ वृत्ती नाही. वृत्ती असते हो, वजन नसते!

यावर उपाय नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये गेल्या दशकापासून काही स्पर्धा जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून खेळवल्या जातात. त्यात लहानखुऱ्या पोरांना आपला खेळ दाखवता येतो आणि आडदांड पोरांना पहिल्यांदाच डोके वापरावे लागते. आपल्याकडे जिल्हा पातळीवर असे काही करायला पैसा लागत नाही. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि इच्छा एवढेच लागते.

वसतिगृहातली पहिली रात्र

बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’त आंद्रेस इनिएस्ता १९९६ मध्ये आला तेव्हा बारा वर्षांचा होता. दूरच्या लहान गावातला, लाजरा मुलगा. घरच्या आठवणीने आपण किती रडलो, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. २०१० मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा. त्या बारा वर्षांच्या मुलाला सरावात मरगळलेला बघून ‘मानसिकदृष्ट्या कमकुवत’ असा शेरा कुणी मारला असता, तर त्यात नवल नव्हते.

आपल्याकडची निवासी अकादमी ही कल्पना तशी जुनी. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ ची. कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, महेश गवळी अशी मोठी नावे तिथून आली. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीच्या वाटेने गेलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव, एका रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच संघातल्या मणिपूरच्या जॅक्सन सिंगने ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध हेडरने गोल केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. सुरुवातीच्या निवडीत जॅक्सन नव्हता. प्रशिक्षक बदलले, पुन्हा बघितले गेले, तेव्हा तो आला. पुन्हा बघणे हीच किती मोठी गोष्ट आहे!

पण या मोठ्या नावांमागे वसतिगृहातली कित्येक पोरे असतात. भाकरी-आमटीवर वाढलेल्या पोराच्या ताटात वेगळेच अन्न, मराठी शाळेतून आलेल्याच्या कानांवर हिंदी-इंग्रजी सूचना, आणि रात्री फोनवर आई ‘कसा आहेस रे’ म्हणते तेव्हा तोंडातून ‘बरा हाय’ याशिवाय शब्द फुटत नाही. सूचना कळली नाही म्हणून दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग चुकीच्या जागी धावणे होते. मग ‘ऐकत नाही’ असा शेरा. यांतले किती पोर खरोखर उद्धट होते आणि किती नुसते घाबरलेले, याचा तपास करणारा माणूस किती अकादम्यांत आहे? गवत कापायला माणूस असतो, बूट मोजायला असतो. पोराशी त्याच्या भाषेत दहा मिनिटे बोलायला मात्र कुणी नसतो.

फ्लेक्सवरचा हिरो

आता पुन्हा एक्केचाळीस क्रमांकाकडे. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की तो खराच ताठर होता. घाबरलेला वगैरे नव्हता. आणि का नसावा? पेठेतल्या छोट्यांच्या स्पर्धेत बाराव्या वर्षी त्याने पाच गोल केले, तेव्हा मोठ्यांनी त्याला खांद्यावर घेतले, हातात नोटा कोंबल्या. वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागला; गॉगल, खाली शुभेच्छुकांची रांग. शाळेत दांडी मारली तरी सर कौतुकाने हसत, कारण शाळेला कप तोच आणून देई. बारा ते चौदा या वयात त्याला ‘मागे पळ’ असे कुणी एकदाही म्हटले नव्हते. ज्यांनी त्याच्या डोक्यात वारे भरले त्यांपैकी दोघेतिघे त्या दिवशी मैदानाच्या काठावर उभे होते, आणि तो झाडाखाली जाऊन बसला तेव्हा तेच म्हणत होते, ‘पोरात ॲटिट्यूड नाही.’

यात पालकांचाही वाटा आहे. शहरांतून आता फी भरून शिकवणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. शनिवारी सकाळी तिथे जाऊन बघा. मैदानात सात वर्षांची पोरे आणि रेषेबाहेर त्यांचे वडील. ‘मार! एकटा जा! पास कशाला देतोस?’ असे ओरडणारा बाप आठ वर्षांनी प्रशिक्षकांकडे तक्रार घेऊन जातो की पोरगा कुणाचे ऐकत नाही. त्याने ऐकले होते, अगदी नीट ऐकले होते.

आणि सतरा क्रमांक? गुणी, आज्ञाधारक, कोन गोळा करणारा तो मुलगा. अकादमीने त्याला दोन वर्षे ठेवले आणि परत पाठवले. कारण : वृत्ती उत्तम, पण पुढच्या पातळीची गुणवत्ता नाही. दहावीचे वर्ष त्यात वाहून गेले. कुणी त्याला पुढे काय करावे हे सांगितले नाही. एक प्रमाणपत्र आणि ट्रॅकसूट देऊन एसटीत बसवले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने सोडून दिलेल्या तरुण खेळाडूंना तीन वर्षे हात देण्याची योजना सुरू केली आहे. शिक्षण, नोकरी, मनाची काळजी, सगळे धरून. आपल्याकडे तीन वर्षे राहू द्या, तीन महिने तरी? आज तो एका फाउंड्रीत कामाला जातो. भेटला की हसून बोलतो. फुटबॉलचा विषय काढत नाही.

म्हणजे वृत्ती नाही म्हणून एक गेला आणि गुण नाही म्हणून दुसरा. हिशेब चोख. दोन्ही वेळा खाते पोराचे, आणि नावे लिहिणारे आपण.

शेऱ्याखालची सही

मग करावे काय? निवड करू नये, असे कुणी म्हणणार नाही. अकादमीत जागा मोजक्याच असतात, काहींना ‘नाही’ म्हणावेच लागते, आणि सगळ्या संघाला वेठीस धरणारे पोर कितीही गुणी असले तरी एखाद दिवशी त्याला बाहेर बसवावे लागते. वीस पोरांचा वर्ग एकासाठी नासवू नये, हे प्रशिक्षकाचे दुःख मी समजू शकतो. तुटपुंज्या पगारावर, उन्हातान्हात उभे राहून शिकवणाऱ्या त्या माणसाला दोष देऊन हा विषय संपत नाही.

पण काही साध्या गोष्टी करता येतील. वृत्ती हा एक शब्द लिहिण्याऐवजी वागणूक लिहावी. चेंडू गेल्यावर थांबतो, बदलीवर चिडतो, उशिरा येतो. असे लिहिले की ते पोराला सांगता येते आणि त्याला ते सुधारताही येते. ‘ॲटिट्यूड नाही’ हे सुधारता येत नाही. ते कपाळावर लिहिल्यासारखे असते. दोन तासांच्या चाचणीत पायातली कला थोडीफार दिसते, स्वभाव दिसत नाही. तेव्हा त्याचा निकाल दोन तासांत देऊ नये. आडदांडांच्या गर्दीत दबलेल्या पोराला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावावे. पेठांनी आणि मंडळांनी पोरांचे कौतुक जरूर करावे. पण सोळा वर्षांपर्यंत फ्लेक्स लावू नयेत, आणि हातात नोटा देण्याऐवजी त्याची शाळेची फी भरावी. आणि ज्याला सोडायचे, त्याला सोडताना पुढची वाट दाखवावी.

शेवटची सूचना फारच छोटी आहे. प्रत्येक अकादमीत पोराच्या प्रगतीचा कागद असतो, त्यात वृत्तीचा एक रकाना असतो. त्याच्याच शेजारी आणखी एक रकाना आखावा. या पोराचे वळण सुधारावे म्हणून गेल्या तीन महिन्यांत आम्ही काय केले, हे त्यात लिहावे, आणि खाली ज्याने शेरा मारला त्याने सही करावी. त्या एक्केचाळीस क्रमांकाच्या कागदावर हा रकाना असता, तर तो कोरा राहिला असता. निदान तो कोरा आहे, एवढे तरी आपल्याला दिसले असते.